६५ बाइटांच्या पॅकेटांनाच गळती का? स्विचचा बाहेर जाणारा पोर्ट आणि 'रिकामी पॅकेटे'

दुसरी_पाळी

नमस्कार मंडळी. एफपीजीएवर (आतली जोडणी आपण हवी तशी ठरवू शकतो अशा चिपवर) चार पोर्टांचा, प्रत्येकी १० गिगाबिटचा छोटा इथरनेट स्विच उभा करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. आत येणारी बाजू, म्हणजे पत्ता शोधणे, व्हीलॅन तपासणे वगैरे, समाधानकारक चालते. अडचण बाहेर जाणाऱ्या बाजूची आहे.

रचना थोडक्यात सांगतो. आलेली फ्रेम, म्हणजे इथरनेटचे एक पॅकेट, ६४ बाइटांच्या सेलमध्ये तोडून सामायिक मेमरीत ठेवली जाते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पोर्टाला आठ रांगा आहेत आणि त्यांच्यात डेफिसिट राउंड रॉबिन पद्धतीने (प्रत्येक रांगेला किती बाइट देणे आहे ते मोजत, आळीपाळीने) पाळी लागते. पाळी आलेली फ्रेम मेमरीतून सेलमागून सेल अशी वाचून मॅककडे, म्हणजे फ्रेम तारेकडे सोडणाऱ्या भागाकडे, दिली जाते. एका पोर्टाच्या रांगांना मिळून जास्तीत जास्त ४०९६ सेल, म्हणजे २५६ किलोबाइट, वापरता येतात. मॅक आम्हीच लिहिलेला आहे.

माझे प्रश्न दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध असावा असा माझा संशय आहे. पहिला असा, की आठही रांगा रिकाम्या असतानाही वेव्हफॉर्ममध्ये मॅकच्या बाहेर सतत ०७ ०७ ०७ ०७ (षोडशमान आकडे) असे वाहताना दिसते. ही 'रिकामी पॅकेटे' समजावीत का, ती नेमकी कोण तयार करते, आणि समोरचा स्विच ती मोजतो का?

दुसरा प्रश्न गळतीचा. टेस्टरमधून एका पोर्टात पूर्ण वेगाने पॅकेटे सोडून दुसऱ्या पोर्टातून बाहेर मोजली, तेव्हा ६४ बाइटांची सगळी आली. ६५ बाइटांची मात्र शंभरातली सुमारे ३.४ हरवली. १५१८ बाइटांची हजारातले एखादे हरवते. सिम्युलेशनमध्ये मात्र एकही हरवत नाही, आणि त्यामुळे गेला आठवडाभर मी चुकीच्या जागी शोधतो आहे की काय, असे वाटू लागले आहे. ६५ बाइटांच्या फ्रेमला दोन सेल लागतात, तेव्हा मेमरी कमी पडत असावी, असा माझा अंदाज आहे. आणि ही ०७ ची माळ माझ्या पॅकेटांची जागा खात आहे का?

---

तारायंत्री

आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण 'रिकामे पॅकेट' या शब्दाने घोटाळा होण्याची शक्यता फार आहे.

इथरनेटमध्ये रिकामे पॅकेट नावाची वस्तू नाही. जे दिसते ते 'आयडल' हे नियंत्रण अक्षर आहे. त्याला ना पत्ता असतो, ना लांबी, ना शेवटची तपासणी-बेरीज. ते कोणत्याही रांगेत उभे राहत नाही आणि रांगांना पाळी लावणाऱ्या आपल्या शेड्युलरला त्याचा पत्ताही नसतो. मॅककडे पाठवण्यासारखे काही नसले, की त्याच्या खालचा थर स्वतःहून ०७ भरत राहतो. पीसीएस, म्हणजे अक्षरांना तारेवरच्या संकेतात बसवणारा थर, अशा आठ अक्षरांचा मिळून ६६ बिटांचा एक ठोकळा करतो: सुरुवातीला १० ही दोन बिटे, मग १ई हा प्रकार, आणि पुढे आठ वेळा सात-सात शून्ये. समोरचा पीसीएस तो ठोकळा उलगडून पुन्हा ०७ करतो आणि त्याच्या मॅकपाशी ती अक्षरे संपतात. पॅकेटांच्या मोजणीत ती कधीच येत नाहीत.

मग ती पाठवायचीच कशाला? जुन्या १० मेगाबिटच्या १०बेस-टी मध्ये पाठवत नसत. तिथे पॅकेट नसेल तेव्हा तार खरोखरच गप्प असे आणि जोडणी जिवंत आहे एवढे कळावे म्हणून सुमारे १६ मिलिसेकंदांनी एक ठोका जाई. घेणाऱ्याला प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला नव्याने ताल पकडावा लागे आणि ५५ ५५ ५५ अशी लांब प्रीअ‍ॅम्बल त्यासाठीच होती. १०० मेगाबिटच्या १००बेस-टीएक्सपासून हे बदलले. तिथे पॅकेट नसताना ११११ १ हा पाच बिटांचा संकेत अखंड जातो. पुढे १९९८ च्या गिगाबिट फायबरमध्ये आयडलचा संकेत दोन अक्षरांचा झाला आणि त्यातले पहिले अक्षर असे निवडले गेले, की अक्षराची सीमा कुठे आहे हे घेणाऱ्याला त्यावरून ओळखता यावे. २००२ च्या १० गिगाबिटमध्ये घेणाऱ्याचे क्लॉक पूर्णपणे येणाऱ्या बिटांवरच लावलेले असते. माळ तुटली तर ताल सुटतो, आणि तो पुन्हा जुळेपर्यंत हजारो बिटे वाया जातात. शिवाय नुसती शून्ये पाठवून तार एकसुरी होऊ नये म्हणून पीसीएस ठोकळ्याची पहिली दोन बिटे सोडून बाकी सगळे स्क्रॅम्बलरमधून (बिटे ठरलेल्या रीतीने विस्कटणाऱ्या भागातून) काढतो. त्यामुळे ऑसिलोस्कोपवर पाहिले तर रिकामी तार आणि भरलेली तार यांत फरक ओळखू येत नाही.

आता जागा खाण्याबद्दल. रांग रिकामी असतानाचे आयडल काहीही खात नाहीत, कारण ती वेळ तशीही कोणाची नसते. मात्र दोन फ्रेमांच्या *मधले* आयडल सक्तीचे आहेत. प्रीअ‍ॅम्बलचे ८ बाइट आणि मधल्या अंतराचे १२ बाइट धरून ६४ बाइटांची फ्रेम तारेवर ८४ बाइटांची जागा घेते, आणि म्हणूनच १० गिगाबिटला सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार ९५२ हीच कमाल मर्यादा आहे. तुमचा घोटाळा याच १२ बाइटांत असावा असे मला वाटते, पण त्याआधी एक चाचणी करावी: ६६, ६७ आणि ६८ बाइटांचे आकडे घेऊन इथे लिहावेत.

मेमरीचा संशय मला पटत नाही. तुमचे क्लॉक १५६.२५ मेगाहर्ट्झ असणार. दर टिकेला एक सेल लिहिणे आणि एक वाचणे जमत असेल, तर चार पोर्टांवर पूर्ण वेगाने ६५ बाइटांच्या फ्रेमा आल्या तरी सेकंदाला साधारण ११ कोटी ७६ लाख सेल लिहावे लागतात आणि क्षमता १५ कोटी ६२ लाखांची आहे. तुम्ही तर एकच पोर्ट चालवत आहात.

---

सेलवाला

तारायंत्री यांचे म्हणणे इथरनेटपुरते बरोबर आहे, पण खरीखुरी रिकामी पॅकेटे मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत, म्हणून थोडे विषयांतर करतो.

एटीएमच्या (ठरावीक लांबीच्या सेलांवर चालणाऱ्या जुन्या जाळ्याच्या) स्विचमध्ये बाहेर जाणारी तार म्हणजे रहाटगाडगे असे. पाणी असो वा नसो, गाडगे वर यायचेच. प्रत्येक सेल ५३ बाइटांचा, त्यातले ४८ माल आणि ५ शीर्षक. १५५.५२ मेगाबिटच्या तारेवर चौकटीचा खर्च वजा जाता सेकंदाला सुमारे ३ लाख ५३ हजार २०७ सेल सुटत, म्हणजे दर २.८३ मायक्रोसेकंदांनी एक. त्या क्षणी रांगेत सेल नसेल, तर शेवटचा थर स्वतः एक रिकामा सेल घडवून त्या गाडग्यात ठेवत असे: शीर्षकात ०० ०० ०० ०१, त्याची तपासणी-बेरीज ५२, आणि मालाच्या जागी ६ए हा बाइट ४८ वेळा. याला शीर्षक होते, तपासणी होती, म्हणजे ते सर्वार्थाने पॅकेटच होते. घेणारा थर ते ओळखून तिथेच टाकून देई. सेलची सीमा शीर्षकाच्या तपासणी-बेरजेवरून शोधली जात असल्यामुळे हे रिकामे सेल सीमा टिकवायलाही उपयोगी पडत.

ठरलेल्या वेगाची नळी आणि कमी-जास्त होणारा माल अशी गाठ जिथे पडते, तिथे हीच युक्ती सापडते. डिजिटल टीव्हीच्या प्रवाहात ८१९१ क्रमांकाची १८८ बाइटांची पोकळ पॅकेटे असतात, आणि उपग्रहांच्या दूरमापनाच्या मानकात तर २०४७ हा क्रमांक रिकाम्या पॅकेटांसाठीच राखून ठेवलेला आहे. तेव्हा 'रिकामे पॅकेट' हा शब्द चुकीचा नाही. तो इथरनेटच्या घरचा नाही, इतकेच.

एक सावधगिरी मात्र सांगावीशी वाटते. एटीएममध्ये दोन सेलांच्या मध्ये रिकामा सेल घुसला तरी बिघडत नसे. इथरनेटमध्ये फ्रेम एकदा सुरू झाली, की तिच्या पोटात आयडल घालता येत नाही. मेमरीतून पुढचा सेल वेळेवर आला नाही, तर मॅकला त्या जागी त्रुटीचे एफई हे अक्षर टाकून फ्रेम बाद करावी लागते. समोरून पॉज फ्रेम ('जरा थांबा' असे सांगणारी) आली तरीही चालू फ्रेम पुरी करूनच थांबता येते. (२०१६ च्या ८०२.३बीआर मानकाने फ्रेम मध्येच तोडण्याची सोय केली आहे, पण तिथेही तुकडा ६४ बाइटांहून लहान चालत नाही आणि त्यासाठी वेगळा मॅक लागतो.) आपल्या गळतीत तुटक्या फ्रेमा येतात की फ्रेमा पूर्णच गायब होतात, हे पाहावे. तुटक्या असतील तर दोष मेमरीच्या वाचनात आहे. गायब असतील तर रांग भरून वाहते आहे.

---

दुसरी_पाळी

दोघांचेही आभार. काल रात्री आकडे घेतले.

६४ बाइट: गळती ०. ६५ बाइट: ३.४१ टक्के. ६६ बाइट: २.२७ टक्के. ६७ बाइट: १.१४ टक्के. ६८ बाइट: पुन्हा ०.

सेलवाले साहेब, समोर एकही बाद फ्रेम येत नाही. फ्रेमा पूर्णच गायब होतात आणि 'रांग भरली' हा माझा गणक तेवढ्याच संख्येने वाढतो. ६८ बाइटांनाही दोन सेल लागत असून गळती शून्य आहे, म्हणजे मेमरीचा माझा संशय निकालात निघाला. मॅकमध्ये दोन फ्रेमांच्या मध्ये किमान १२ बाइट ठेवले आहेत आणि फ्रेमची सुरुवात मानकाप्रमाणे लेन ० किंवा लेन ४ वरच (६४ बिटांच्या बसवरच्या ० ते ७ या आठ बाइट-जागांपैकी) होते. यात काही वावगे आहे का?

---

तारायंत्री

यातला 'किमान' हा शब्दच वावगा आहे.

६५ बाइटांची फ्रेम घ्या. प्रीअ‍ॅम्बल धरून ती ७३ बाइटांची झाली, त्यात १२ मिळवले की ८५. पुढची फ्रेम चारच्या पटीतल्या जागीच सुरू होऊ शकते. ८५ ही चारची पट नाही, म्हणून तुमचा मॅक ८८ पर्यंत थांबतो आणि अंतर १२ ऐवजी १५ बाइटांचे होते. दर वेळी ३ बाइट जास्त. ८८ पैकी ३ म्हणजे ३.४१ टक्के. ६६ ला २ बाइट जास्त, ६७ ला १, ६८ ला मुळीच नाही. तुमचे चारही आकडे यात चपखल बसतात. १५१८ चेही बसतात: २० बाइटांचा वरखर्च धरून १५३८, त्यावरची चारची पट १५४०, म्हणजे हजारात १.३.

टेस्टरचे मात्र तसे नाही. तो ६५ बाइटांच्या फ्रेमा सेकंदाला १,४७,०५,८८२ पाठवतो आणि तुमचा पोर्ट १,४२,०४,५४५ च सोडतो. राहिलेल्या पाच लाखांची रांग लागते, ती भरते, आणि मग गळती सुरू होते. तुमच्या ४०९६ सेलांत दोन-दोन सेलांची २०४८ पॅकेटे मावतात. ती भरायला सुमारे ४.१ मिलिसेकंद लागतात. सिम्युलेशन तुम्ही किती वेळाचे चालवता, हे मी विचारत नाही, पण अंदाज करू शकतो.

टेस्टरला हे कसे जमते? मानक १२ बाइट *सरासरी* मागते. त्यासाठी जी युक्ती दिली आहे तिला डेफिसिट आयडल काउंट म्हणतात, म्हणजे आयडलच्या उधारीची वही. ० ते ३ मोजणारा दोन बिटांचा गणक पुरतो. सुरुवात जुळवण्यासाठी अंतर १२ हून कमी केले, तर जितके बाइट कमी केले तितकी उधारी वाढवायची. जास्त केले तर तितकी कमी करायची. उधारी ३ च्या वर जाऊ द्यायची नाही. ६५ बाइटांच्या फ्रेमा ओळीने जात असतील तर पहिले अंतर ११, उधारी १. दुसरे ११, उधारी २. तिसरे ११, उधारी ३. चौथ्या वेळी आणखी उधार मिळत नाही, म्हणून अंतर १५ आणि वही कोरी. अकरा, अकरा, अकरा, पंधरा: बेरीज ४८, सरासरी बरोबर १२.

या अंतरात फ्रेम संपल्याचे एफडी हे अक्षरही धरले जाते, हे लक्षात असू द्या. त्यापुढचे ०७ मोजायला बसलात तर एक कमी भरतो आणि माणूस उगीच घाबरतो. तसेच तुमच्या शेड्युलरमधल्या डेफिसिटचा आणि या डेफिसिटचा नावापलीकडे काहीही संबंध नाही. पहिला कोणत्या रांगेला किती बाइट देणे लागतो हे सांभाळतो, दुसरा तारेला किती आयडल देणे लागतो हे. दोन्ही एकाच मॉड्यूलमध्ये, एकाच नावाने लिहिलेले मी पाहिले आहे. तसे करू नका.

बहुतेक लोक इथे एक पायरी खाली पडतात: ६४ बिटांच्या बसवर फ्रेम फक्त लेन ० लाच सुरू करतात, कारण तर्क सोपा होतो. मग ८४ चेही ८८ होतात आणि ६४ बाइटांनाच साडेचार टक्के गळती लागते. तुम्ही लेन ४ हाताळली आहे, म्हणजे अवघड भाग तुम्ही आधीच केला आहे.

---

दुसरी_पाळी

सिम्युलेशन १ मिलिसेकंदाचे होते. काय बोलू?

उधारीची वही जोडली. एकूण ११ ओळींचा बदल. वेव्हफॉर्ममध्ये आता अकरा, अकरा, अकरा, पंधरा असा ठेका अगदी तुम्ही लिहिल्याप्रमाणे दिसतो, आणि ६५ पासून ६८ पर्यंत सगळ्या लांबींची ३ टक्क्यांची भानगड मिटली. पण पूर्ण शून्य अजून येत नाही. ६५ बाइटांच्या चाचणीत पहिले पावणेचार सेकंद काहीच हरवत नाही. त्यानंतर दहा लाखांत ३७ पॅकेटे हरवत राहतात. विशेष म्हणजे ६४ असो, ६५ असो वा १५१८, प्रमाण तेच. पूर्वीच्या चाचण्या दोन-दोन सेकंदांच्याच असल्यामुळे हे मला दिसले नसावे. उधारीच्या वहीत एखाद्या बिटाची चूक राहिली आहे का?

---

तारायंत्री

नाही, वही बरोबर आहे. लांबीप्रमाणे बदलणारी गळती जागा जुळवण्याची असते. लांबी काहीही असली तरी न बदलणारी गळती क्लॉकची असते.

टेस्टरचा स्फटिक आणि तुमच्या बोर्डावरचा स्फटिक वेगवेगळे आहेत. मानक प्रत्येकाला दहा लाखांत १०० इतका फरक, जास्त वा कमी, चालवून घेते. टेस्टरचे क्लॉक तुमच्यापेक्षा दहा लाखांत ३७ ने वेगवान आहे, इतकाच याचा अर्थ. आत येणारा ओघ त्याच्या तालावर येतो आणि बाहेर जाणारा तुमच्या तालावर जातो. दोन्हीकडे सरासरी अंतर १२ च असले, तर सेकंदाला सुमारे ५४४ पॅकेटे शिल्लक राहतात आणि २०४८ पॅकेटांची जागा पावणेचार सेकंदांत भरते. तुमचाच आकडा.

नुसती दोरी वाढवणारा रिपीटर असता, तर त्याने मधले आयडल काढून टाकून ही तूट भरून काढली असती. दोन फ्रेमांमधल्या अंतराचा हा दुसरा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा, उपयोग आहे. हिशेब पाहा: ९००० बाइटांची जंबो फ्रेम म्हणजे ७२ हजार बिटे; दोन टोकांना मिळून दहा लाखांत २०० चा फरक धरला तरी त्या फ्रेममागे सुमारे १४ बिटे, म्हणजे दोन बाइटही नाहीत, इतकेच घसरते. १२ बाइटांच्या अंतरातून ते सहज निघते. म्हणूनच घेणाऱ्या मॅकने ५ बाइटांचे अंतरही मुकाट्याने स्वीकारले पाहिजे, अशी मानकाची अपेक्षा आहे. तुमचा घेणारा मॅक ते करतो का, हे एकदा तपासा. 'मी १२ पाठवतो म्हणजे मला १२ च येतील' असे गृहीत धरलेले मॅक प्रयोगशाळेत चालतात आणि बाहेर अडखळतात.

स्विच मात्र फ्रेम साठवून नव्याने पाठवतो, म्हणून त्याने आपल्या क्लॉकने १२ ची सरासरी पाळणे हेच योग्य. काही चिपांमध्ये अंतर मुद्दाम थोडे कमी करण्याची सोय असते. स्पर्धात्मक चाचणीपुरती ती वापरली जाते, पण मी ती नेहमीसाठी चालू ठेवणार नाही. टेस्टरचा वेग ९९.९८ टक्के ठेवा किंवा त्याचे क्लॉक मागे घ्या.

---

दुसरी_पाळी

टेस्टरचे क्लॉक दहा लाखांत ५० ने मागे घेतले. ६५ बाइटांची पॅकेटे काल संध्याकाळपासून सकाळपर्यंत सोडली, गळती शून्य. घेणाऱ्या मॅकला ५ बाइटांच्या अंतराची चाचणी दिली, तीत तो पडला, ते आता दुरुस्त करतो आहे.

वेव्हफॉर्ममध्ये आणखी एक गोष्ट दिसली. आता बाहेरचा पोर्ट आतल्या ओघापेक्षा किंचित वेगवान असल्यामुळे रांग अधूनमधून क्षणभर रिकामी पडते, आणि साधारण साडेतीन हजार पॅकेटांमागे एकदा त्या अकरा-अकरा-अकरा-पंधराच्या ठेक्यात नेहमीपेक्षा चार ०७ जास्त येऊन बसतात.